वळचणीकडचा हिस्सा

दाराच्या चौकटीवर कुणीतरी खडूनं नाव लिहून गेलं होतं. फिर्मिनस सकाळी स्नानगृहाकडे जायला बाहेर पडला, सवयीनं दार ओढून घ्यायला वळला आणि ती पांढरी अक्षरं थेट डोळ्यांत घुसली. विथारिक. अक्षरं वाकडीतिकडी, शेवटचं तर कडेवरून खाली घसरलेलं. आधी वाटलं, गल्लीतल्या पोरांचा चावटपणा. पण असलं नाव पोरांना सुचायचं नाही. हे गॉथाचं, उत्तरेकडून आलेल्या त्या रानटी टोळीतल्या माणसाचं नाव होतं. त्यानं अंगठा थुंकीनं ओला केला, उचललाही, आणि तो अक्षरांपाशी पोचता पोचता तसाच थबकला. चौकटीवरचं पाहुण्याचं नाव पुसणारा खोटी सही करणाऱ्याइतकाच गुन्हेगार, हा कायदा त्याला पाठ होता. पाठ नसायला काय झालं? बापाचं बोट धरून दुसऱ्यांच्या दारांवरची असली नावं वाचत वाचतच तर त्याची अक्षरओळख झाली होती. समोरच्या घरची मोलकरीण झाडू हातात धरून बघत उभी होती. त्यानं अंगठा अंगरख्याला पुसला आणि जणू काही चौकटीवरची धूळच बघत होतो अशा थाटात तो चालू लागला. स्नानाला जायचं राहूनच गेलं.

त्याच्या लहानपणी रोमची फौज यायची. हिवाळा तोंडावर आला की बुर्दिगाला शहरात शिपाई उतरायचे, आणि उतरायच्या आदल्या दिवशी सरकारी माणूस खडू घेऊन गल्लीगल्लीतून फिरायचा. अमक्याच्या घरी तमका, तमक्याच्या घरी दोघं. बाप खिडकीत उभा राहून बघायचा. खडूवाला त्यांच्या दाराशी यायचा, मान लववायचा आणि पुढं जायचा. फिर्मिनसचे आजोबा कधीकाळी सम्राटाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, म्हणून या घराला कायमची सूट होती. ‘आपल्या दारावर नाव पडायचं नाही,’ बाप म्हणायचा, आणि ते इतक्या शांतपणे म्हणायचा, की सूर्य उगवणार हे सांगतोय असं वाटावं. समोर उर्बिकसचं घर. त्यांच्या चौकटीवर जुन्या नावावर नवं नाव, त्यावर आणखी नवं. शिपाई उर्बिकसच्या बिछान्यावर झोपायचे आणि उर्बिकस तबेल्यावरच्या माळ्यावर. शाळेत फिर्मिनस त्याच्या शेजारी बसायचा आणि नाक धरायचा. सगळी पोरं हसायची. उर्बिकसही हसायचा, हे मात्र आता आठवलं. आणि आज पाहुणे वाटून देणाऱ्या कचेरीत तोच उर्बिकस बसलेला. काय म्हणावं या नशिबाला!

कचेरीत ही गर्दी. बाकावर बसलेला एक तेलाचा व्यापारी तावातावानं बोलत होता. “माणसं नव्हेत हो, टोळधाड आहे. दान्यूब नदी ओलांडून आले तेव्हाच बुडवायला हवे होते. यांनी रोम लुटलं, यांनी हिस्पानिया पालथी घातली, आणि आता सम्राट म्हणतात, घरात घ्या. अरे, साम्राज्य पाडणाऱ्यांनाच साम्राज्य वाटून देताय?” सगळे माना डोलावत होते. फिर्मिनसनंही मान डोलावली. हे सगळं तो रोज ऐकायचा, रोज म्हणायचाही, पण आज त्याला त्या बोलण्याचा वीट आला. रोम दूर होतं. ते पडलं तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं, चांगलं दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, पण त्या दिवशीही घरी परतल्यावर चौकट कोरी होती. खरं साम्राज्य त्या कोऱ्या चौकटीत होतं आणि ते आज सकाळी कुणी न विचारता उचलून नेलं. हे बोलून दाखवायची सोय नव्हती. लोक म्हणाले असते, बघा, याला स्वतःच्या दाराची पडलीय.

“सूट?” उर्बिकस म्हणाला. तो आता गुबगुबीत झाला होता आणि हातातली भाजलेल्या बदामांची पिशवी त्यानं पुढं केली. “खा. अरे, सूट देणारा कोण? आजोबांचा हुद्दा ज्या सम्राटानं दिला त्याला जाऊनही जमाना लोटला.”

“पण साम्राज्य आहे ना? का तेही गेलं?”

“जातंय कुठं! कर मागायला येईल तेव्हा दिसेल तुला.” उर्बिकस स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, “हे बघ, नियम साधा आहे. घराचे तीन हिस्से करायचे. पहिला तू निवडायचा. तू मालक, तुझा मान. दुसरा पाहुणा निवडणार. उरला तो परत तुझा. ऊन कलायच्या आत मोजणीदार येईल, त्याच्यासमोर एकदा बोललास की बदल नाही. नीट विचार करून बोल.”

“तू मुद्दाम केलंस हे.”

उर्बिकसनं एक बदाम सोलला. “आमच्याकडे दर हिवाळ्याला पाहुणे असायचे, फिर्मिनस. मेलं नाही कुणी. घोड्याचा वास येतो तेवढा. तोही जातो पुढं.”

वाटेत त्याच्या डोक्यात घराचे तुकडे पडत होते. पुढची बैठक, मधला चौक, मागची बाजू. बैठकीत रंगीत खड्यांची फरशी, तिच्यावर समुद्रदेव आणि त्याच्याभोवती मासे. आजोबांची उंच खुर्ची. सकाळी सकाळी गावातले लोक इथं यायचे, कुणाला शिफारस हवी, कुणाला न्याय, आणि बाप त्या खुर्चीत बसून एकेकाचं ऐकायचा. आता कुणी येत नव्हतं, पण म्हणून काय ती खुर्ची एखाद्या केसाळ रानटी माणसाच्या बुडाखाली द्यायची? चिखलाचे बूट समुद्रदेवाच्या तोंडावर? मधल्या चौकात विहीर, स्वयंपाकघर, जुना तबेला. आणि मागं झोपण्याच्या खोल्या, नासपतीचं झाड, आणि पूर्वेच्या भिंतीलगतची वळचण. तिथं पोचलं की त्याचं मन नेहमीसारखं पटकन दुसरीकडे वळलं. आज मात्र ते फिरून फिरून तिथंच आलं. वळचणीखाली त्याचा मुलगा होता. नववा, नाव ठेवायचा दिवस उजाडायच्या आधीच गेलेला. त्याच्यावर बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडून झालं नव्हतं, म्हणून धर्मगुरूंनी स्मशानात जागा दिली नाही. मग सेव्हेरानं आपल्या आजीच्या काळचा रिवाज धरला. इतकं कोवळं पोर घराबाहेर टाकायचं नसतं, पागोळ्या पडतात तिथं छपराच्या आधारानं ठेवायचं. तिनंच खड्डा खणून घेतला. तेव्हा ती म्हणाली होती, “नाव तरी देऊ या त्याला.” आजोबांचं नाव ठेवायचं आधीच ठरलेलं होतं. फिर्मिनस म्हणाला होता, “आता कशाला? पुढच्याला राहू दे.” पुढचं मूल झालंच नाही. नाव तसंच राहिलं, कुणाच्याही कामी न आलेलं. त्यावर नंतर दोघांपैकी कुणी कधी बोललं नाही. ती रोज दुपारी तिथं लोकर विंचरत बसते, एवढंच.

सेव्हेरानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. हातातली फणी खाली ठेवली आणि म्हणाली, “मागचा हिस्सा मागून घ्या.”

“अगं, तो आपलाच राहणार आहे. जरा डोकं चालव. हे लोक कोण? तंबूत राहणारे, घोड्यांवर वाढलेले. त्यांना काय हवं? पाणी, चूल, जनावरं बांधायला जागा. डोळे मिटून मधला चौक घेतील. मी बैठक घेतो. मागचं आपोआप आपल्याकडे येतं. बैठकही वाचली आणि मागचंही.”

“आणि त्यांनी मागचं घेतलं तर?”

“नाही घेणार.”

“अहो, पण घेतलं तर?”

“तुला या लोकांची काही माहिती आहे का? मी वाचलंय त्यांच्याबद्दल.” तो चिडला, कारण तिच्या आवाजात चीड नव्हती. ती नुसतीच बघत होती, तळ्याच्या काठावर बसलेलं माणूस पाण्याकडे बघतं तशी. मग तिनं फणी उचलली.

मोजणीदार दोरी आणि खुंट्या घेऊन आला. त्याच्यामागून एक बैलगाडी आली आणि गाडीतून विथारिक उतरला. फिर्मिनसनं सकाळपासून त्या नावाला एक अंग दिलं होतं: ताडमाड उंची, खांद्यापर्यंत जटा, कमरेला तलवार. उतरला तो एक बुटका, टक्कल पडू लागलेला, सर्दी झालेला माणूस. नाक ओढत, लंगडत पुढं आला आणि शिपायांच्या गावठी लॅटिनमध्ये म्हणाला, “त्रास देतोय तुम्हाला. माफ करा.” त्याच्यामागं त्याची बायको, आइलिवा, हातात टोपली, टोपलीत तान्हं मूल. फिर्मिनसला विचित्र राग आला. लुटायला आलेल्यानं निदान लुटारूसारखं तरी दिसावं! याच्यापुढं हरल्याचं कुणाला सांगायचं कसं?

तो फरशीच्या मधोमध, समुद्रदेवाच्या छातीवर जाऊन उभा राहिला आणि बापाच्या आवाजात म्हणाला, “हा.” मोजणीदारानं खुंटी ठोकली. विथारिकनं बायकोकडे बघितलं. ती आत गेली. चौकात गेली, विहिरीपाशी थांबली, आत वाकून बघितलं आणि एकदम मागं सरली, टोपली छातीशी घट्ट धरून. स्वयंपाकघराकडे तर तिनं वळूनही पाहिलं नाही. मागच्या अंगणात गेली. पूर्वेच्या भिंतीवर तळहात टेकवला. भिंतीत दिवसाची ऊब होती. तिनं वर छपराकडे बघितलं, खाली कोरड्या मातीकडे बघितलं, आणि टोपली तिथंच, वळचणीखाली, बरोबर त्याच जागी ठेवली. “हा,” ती म्हणाली. एवढा एक शब्द तिनं येताना वाटेत पाठ केला असावा.

“अहो, पण चूल?” फिर्मिनसच्या तोंडून निघालं. “विहीर? घोडे कुठं बांधणार?”

“घोडा?” विथारिक ओशाळं हसला. “हा बैलसुद्धा भाड्याचा आहे, मालक. विहिरीजवळ नको म्हणते ती. आमचं आधीचं पोर पाण्यात गेलं.”

“पण तुम्ही लोक तंबूत... तुम्हाला मोकळं अंगण...”

“तंबूत कोण राहतंय? तंबू गळतो. मी इकडच्याच छावणीत जन्मलो, रोमच्या फौजेच्या. बाप तुमच्याच सम्राटासाठी मेला. कुठला सम्राट ते मात्र विचारू नका.”

“मी बैठक देतो,” फिर्मिनस मोजणीदाराकडे वळला. “मला मागचा हिस्सा हवा. बदलून द्या.”

“पहिली निवड झाली. खुंटी ठोकली.” मोजणीदार दोरी गुंडाळत म्हणाला. “काही खास कारण असेल तर सांगा. पुरलेलं माणूस वगैरे असेल तर ती जागा वाटणीत येत नाही. आहे का तसं काही?”

असं सरळ विचारलं त्यानं. दोन शब्दांचं काम होतं. सेव्हेरा दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि फिर्मिनसच्या तोंडाकडे बघत होती. गल्लीतले चारपाच जण मजा बघायला आत घुसले होते, तेलाचा व्यापारीही त्यांच्यात. धर्मगुरूंनी नाकारलेलं पोर, जुन्या चालीनं घरात पुरलेलं, आणि त्या पोराचा बाप नगरसभेचा सभासद. आणि मग पुढचा प्रश्न येणारच होता, काय नाव मुलाचं? फिर्मिनसनं झाडाकडे बोट दाखवलं. “नासपती आहे तिथं,” तो म्हणाला. “आजोबांनी लावलेली.”

“नासपती तुम्हीच खा,” विथारिक घाईघाईनं म्हणाला. “आम्ही हात नाही लावणार.”

सेव्हेरानं मान खाली घातली. मग ती चालत वळचणीपाशी गेली, टोपली अलगद उचलली, हातभर बाजूला ठेवली, आणि आइलिवाकडे बघून काहीतरी हातवारे केले. आइलिवानं मान हलवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

चौक आणि मागचं अंगण यांच्या मधे एक दार बसलं. फिर्मिनस बैठकीत राहू लागला. म्हणजे काय, तर आजोबांच्या खुर्चीत बसायचा आणि फरशीकडे बघायचा. इतक्या वर्षांत त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं की समुद्रदेवाचा एक डोळा निखळलेला आहे. आता तेवढंच दिसायचं. सकाळी पाय आपोआप मागच्या खोलीकडे वळायचे आणि दाराशी अडायचे. त्याला वाटायचं, कुणीतरी भांडावं. विथारिकनं नासपती तोडावी, दारू पिऊन धिंगाणा घालावा, म्हणजे कचेरीत जाऊन तक्रार तरी करता येईल. पण तो मेला सुतारकाम करायचा! तबेल्याची फळी निखळली होती ती न सांगता नीट बसवून गेला. रोज पाण्याला आला की विहिरीपाशी उभा राहून हाक मारायचा, “मालक, पाणी घेऊ का?” रोज. फिर्मिनसला या प्रश्नाची चीड यायची. अरे घे ना, सगळंच घेतलंस, पाण्याला कसला विचारतोस! पण तो म्हणायचा, “घ्या.” आणि दुपारी भिंतीपलीकडून बायकांचे आवाज यायचे. सेव्हेराचा आवाज, अर्धी लॅटिन अर्धी त्यांची भाषा, आणि मधेच हसणं. ती शेवटची कधी हसली होती, हे आठवायचा प्रयत्न त्यानं केला आणि सोडून दिला.

एकदा न राहवून त्यानं विहिरीशी विथारिकला विचारलंच. “तुम्ही लोक आलात कशाला?”

विथारिकनं घागर खाली ठेवली. “आम्हाला मागून हूणांनी ढकललं. बाप सांगायचा. नदी ओलांडली, तर तुमच्या अधिकाऱ्यांनी धान्य कोंडून ठेवलं. भूक, मालक. पोरं विकून कुत्री घेतली लोकांनी, खायला. माझ्या काकाच्या बदल्यात एक कुत्रं मिळालं. म्हातारं होतं.” तो हसला आणि त्याला खोकला आला. “बाप म्हणायचा, काका चांगला पुष्ट होता, निदान तरुण कुत्रं तरी द्यायचं.”

फिर्मिनसला हसायचं का काय ते कळेना. “पण तुम्ही नसता आलात तर हे सगळं टिकलं असतं,” तो म्हणाला. आपला आवाज तेलाच्या व्यापाऱ्यासारखा येतोय हे त्याला ऐकू आलं.

“असेल बुवा. मी बघितलं तेव्हा ते असंच होतं.” विथारिकनं घागर खांद्यावर घेतली. मग थांबला. “एक सांगायचं होतं. तुमच्या बाईंनी सांगितलं, तिथं कोण आहे ते. आम्ही तिथं पाय नाही देत. पाणीसुद्धा लांब ओततो.”

तर सांगितलं तिनं. जे त्याला गल्लीसमोर सांगता आलं नाही, जे तिनं इतकी वर्षं त्याच्याजवळही काढलं नाही, ते तिनं हातवाऱ्यांनी एका गॉथ बाईला सांगितलं. त्याचे कान तापले.

त्याच संध्याकाळी सेव्हेरानं आपला बिछाना गुंडाळला. “मी तिकडे झोपते,” ती म्हणाली. “आइलिवाला ताप आहे, बाळाला बघायला कुणी नाही.”

“लोक काय म्हणतील? घरची मालकीण पाहुण्याच्या हिश्श्यात?”

“लोकांना बैठकीत बसवा.” ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

“आणि परत कधी येणार?”

“ते कुठं जाणार आहेत?” ती म्हणाली, आणि दार लोटून पलीकडे गेली. आइलिवाचा ताप उतरला. आइलिवा अंगणात कपडे वाळत घालताना दिसू लागली. सेव्हेरा आली नाही. स्वयंपाकीण दोन्हीकडे जेवण न्यायची आणि सांगायची, बाई बऱ्या आहेत, बाई तेलाऐवजी त्यांचं लोणी खायला शिकल्यात. फिर्मिनसनं ताट सरकवून दिलं. कचेरीत जाऊन उर्बिकसला सांगावंसं वाटलं, की बाबा रे, माझी बायकोही वाटणीत गेली. उर्बिकसनं बदाम पुढं केले असते. एकदा रस्त्यात तेलाचा व्यापारी भेटला आणि साम्राज्य कसं पडलं ते सांगू लागला. फिर्मिनस म्हणाला, “गप्प बसा हो जरा,” आणि स्वतःच दचकला.

नासपती पिकल्या. विथारिक टोपलीभर घेऊन बैठकीच्या दाराशी आला. “तुमच्या आहेत,” म्हणाला. “हात लावणार नाही म्हटलं होतं, पण खाली पडून सडायला लागल्या. आणि अभिनंदन, मालक. काल नाव ठेवलं.”

“तुमच्या मुलाचं?”

“आमच्याचं कधीच झालंय. तुमच्याचं. बायको रोज बाईंना विचारायची, नाव काय, नाव काय, बिननावाच्याजवळ आमचं बाळ कसं निजवू? शेवटी काल बाईंनी ठेवलं. दिवा लावला, आम्ही सगळे होतो. तुम्हालाही बोलवायचं होतं, पण बाई म्हणाल्या, त्यांना काम असेल.”

फिर्मिनस खुर्चीतून उठला. “काय ठेवलं?”

विथारिक गोंधळला. “ते मी कसं सांगू? आमच्यात ते आईनं बापाला सांगायचं असतं. तुम्ही बाईंनाच विचारा.”

आजोबांचं ठेवलं असेल? का ते नाव आता तिला नकोसं झालं असेल? तिच्या बापाचं? का एखादं गॉथांचं, वाकड्यातिकड्या अक्षरांचं, जे तोंडात नीट बसणारही नाही? विथारिक गेल्यावर तो बराच वेळ एकेक नाव मनात म्हणून बघत होता. कुठलंच बसेना. ओळखीची सगळी नावं संपली आणि तरी ते एक नाव भिंतीपलीकडे होतंच, तिघांना ठाऊक असलेलं. एवढी जुनी वंशावळ या घराची, हुद्दे, सूट, कोरी चौकट, आणि तिच्या शेवटच्या माणसाचं नाव आता परक्या सुताराला माहीत होतं आणि बापाला नव्हतं. त्याला ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते ठरेना.

तो समुद्रदेवावरून चालत गेला, चौक ओलांडला आणि त्या नव्या दाराशी उभा राहिला. या घरात त्यानं कधी दार ठोठावलं नव्हतं. घराच्या मालकानं दार किती जोरात वाजवायचं असतं, तेही त्याला कळेना. त्यानं बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं, इतकं हळू की ऐकू जाणार नाही असं वाटलं.

“कोण?” आतून आइलिवानं विचारलं. लॅटिन शिकली होती ती.

“मी आहे. फिर्मिनस. सेव्हेराला विचारायचंय एक.”

आत कुजबुज झाली. मग सेव्हेराचा आवाज आला, दबका, पण त्याच्यासाठी नाही, आइलिवासाठी. “थांबायला सांग त्यांना. बाळ आत्ताच झोपलंय.”

फिर्मिनस थांबला.